शिवलेलं शेवटचं पान

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडाळच्या पोस्टात काउंटरवर बसून पाकिटांवर शिक्के मारत होते. फोन आरोंद्याहून, बाईंच्या भाच्याचा. "आत्या गेली गो ताई. सकाळी पेज जेवली, खुर्चीत बसली, आणि..." समोर रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "काय झालां गो बाय?" तर मी म्हटलं, "आमच्या इंग्रजीच्या बाई गेल्या." आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. तेवढ्यावरून मला रडू फुटलं. पन्नाशीला आलेली मी, सरकारी खुर्चीत बसून, शाळेतल्या पोरीसारखी मुसमुसत होते. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

त्याच्या आधी दोनच महिने मी त्यांना भेटून आले होते. आरोंद्याचं त्यांचं घर खाडीला लागून. ओटीवर वेताची खुर्ची, खुर्चीत बाई, आणि खाडीवरून येणारा वारा त्यांच्या पांढऱ्या केसांशी खेळतोय असं ते दृश्य. ऐंशी ओलांडली होती. कान मंद झाले होते, पण नजर तीच, वर्गातली. मी पाया पडले, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि प्रकृतीचं, मुलांचं, नोकरीचं काही न विचारता एकच विचारलं.

"शालीक सांगलंस?"

"नाय बाई. अजून नाय."

"बरा," म्हणाल्या आणि खाडीकडे बघत बसल्या. हा प्रश्न त्या मला दहावी झाल्यापासून विचारत होत्या. लग्नात आहेराचं पाकीट हातात देताना विचारला होता, सासरे गेले तेव्हा भेटायला आल्या तेव्हा निघताना विचारला होता. उत्तर दरवेळी हेच. मी अशी आहे. दुसऱ्यांची हजारो बंद पाकिटं हातांखालून गेली, एकही कधी उजेडात धरून पाहिलं नाही, इतकी शहाणी झाले. पण एकदा एक पान उघडलं होतं, ते मला तीस-पस्तीस वर्षं झाकता आलं नाही आणि सांगताही आलं नाही.

आमचं गाव अर्धं शेतीचं, अर्धं समुद्राचं. आमचं घर आतल्या बाजूला, भातशेती आणि काजूची बाग. शालीचं घर समुद्राकडच्या वाडीत, इतकं काठाला की भरतीच्या दिवसांत तिच्या अंगणात बोललेलं अर्धं ऐकू यायचं नाही. हायस्कूल दोन्हींच्या मधे, सुरूच्या बनाला पाठ लावून. आठवीत शाली माझ्या शेजारी येऊन बसली ती दहावीपर्यंत उठली नाही. माझ्या डब्यातली काजूची उसळ ती खायची, तिच्या डब्यातला सुका बांगडा मी. आणि जेवणानंतरचा पहिला तास इंग्रजीचा. तो तास आठवायचा म्हटलं की अजून डोळे जड होतात... पोट भरलेलं, खिडकीतून सुरूंचा आवाज, त्यामागे समुद्राचा, आणि या दोन्हींच्या वर केळुसकर बाईंचा, अगदी सावकाश वाचणारा. आम्हांला इंग्रजी येत नव्हतं. निम्मे शब्द कळायचे, निम्मे नुसतेच ऐकू यायचे. पण त्या निम्म्यातून गोष्ट अशी डोळ्यांसमोर यायची की आजही कुठल्या गोष्टीत काय घडलं आणि आमच्या गावात काय घडलं, याची माझ्या डोक्यात सरमिसळ होते.

पाठ्यपुस्तकाशिवाय गोष्टींचं एक जाडसर पुस्तक होतं, पूरक वाचनाचं. शाळेच्याच मालकीच्या चाळीस प्रती, प्रत्येकीवर आकडा. माझी सतरा नंबरची. गोष्ट शिकवायला घेतली की बाई पहिल्या दिवशी धडा उघडायच्या आधी पिशवीतून दोन वस्तू काढायच्या. एक दाभण आणि एक जाळ्याच्या दोऱ्याचं रीळ. मग ते दाभण बाकाबाकावरून फिरायचं. गोष्टीचं शेवटचं पान आणि त्याच्या आधीचं पान, दोन्हींच्या कडा एकमेकींना तीन ठिकाणी शिवायच्या. शिवायचं आम्ही, गाठ मारायच्या बाई. प्रत्येक बाकाशी येऊन, वाकून, जाळ्याला मारतात तशी घट्ट गाठ मारायच्या आणि उरलेला दोरा दातांनी तोडायच्या. गोष्ट त्या शिवणीपर्यंत वाचून व्हायची. पुढचा शेवट आम्ही आणायचा. आधी मालवणीत सांगायचा, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. चाळीस शेवट ऐकून झाले की मग दोरा कापायचा.

असं का, ते त्यांनी एकदा सांगितलं होतं. त्यांचे वडील आरोंद्याला तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, चालवायचे, खाडीपलीकडे गोव्यात माणसं सोडायचे. बाई लहानपणी तरीत बसून असायच्या. गोव्याकडचे एक मास्तर दर शनिवारी त्या तरीतून जायचे आणि या पोरीला इंग्रजी पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवायचे. पण खाडी ती केवढी! गोष्ट रंगात यायची आणि तर काठाला लागायची. मास्तर पुस्तक मिटून उतरून जायचे. "म्हणजे बघा," बाई म्हणायच्या, "मला लहानपणी एकाही गोष्टीचा शेवट कोणी सांगितला नाही. आठवडाभर मी तो करत बसायची. जी काही इंग्रजी आली ती त्या आठवड्यांत आली."

समुद्राकडच्या मुलांना ती गाठ स्वतःलाच यायची. त्यांना दोरा सोडून, पान वाचून, पुन्हा तशीच गाठ मारणं म्हणजे हातचा मळ. पण त्यांनी कधी ते केल्याचं मला आठवत नाही. माझ्यासारख्या शेतातल्या पोरांना गाठ येतच नव्हती, त्यामुळे आमच्या प्रामाणिकपणाला तसा काही अर्थ नव्हता.

दहावीच्या वर्षी, नारळी पौर्णिमा होऊन गेली आणि बाईंनी मार्थाची गोष्ट घेतली. दूरच्या थंड देशातलं एक बंदर. मार्थाचा नवरा होडी घेऊन गेलेला, ठरल्या दिवशी आलेला नाही. मार्था रोज संध्याकाळी टेबलावर दोन ताटं मांडते. एकाचं जेवते, दुसरं तसंच ठेवते. पावाबरोबर माशांचं सूप. "सूप म्हणजे माशांची पातळ कढीच समजा," असं बाईंनी सांगितल्यावर ती गोष्ट कायमची आमच्या गावात येऊन राहिली. माझ्या मनातली मार्था नऊवारी नेसायची, कपाळावर आठ आण्यांएवढं कुंकू लावायची आणि तिचं घर म्हणजे शालीचं घर. मुलं तर तिला मार्थाकाकी म्हणायला लागली होती. शिवणीच्या आधीचं शेवटचं वाक्य असं होतं की, दारावर थाप पडते आणि मार्था हातातला चमचा खाली ठेवते. बुधवारी आम्ही तिथवर आलो. दारात कोण आहे, ते सोमवारी सांगायचं.

गुरुवारी पहाटे शालीचे वडील लहान होडी घेऊन एकटेच समुद्रावर गेले. दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या परतल्या, त्यांची आली नाही.

शुक्रवारी शाली वर्गात नव्हती, शनिवारीही नव्हती. रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. अंगणात वाडीतली माणसं गप्प बसलेली. शाली उंबऱ्यावर. आत तिची आई भिंतीला टेकून, डोळे उघडे आणि काहीच न बघणारे. गुरुवारपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, पाणीसुद्धा जबरदस्तीने पाजत होते. मी शालीजवळ बसले. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "गो, त्या मार्थाकाकीच्या दारात कोण आसात?"

मी म्हटलं, "माका काय म्हायत?"

"तुका काय वाटता?"

मी उठले. घरी न जाता थेट आमच्या काजूच्या बागेतल्या मांगरात, तिथल्या खोपटात, गेले. तिथे गवत आणि कोयते ठेवलेले असायचे. दप्तरातून सतरा नंबरचं पुस्तक काढलं आणि कोयत्याच्या टोकाने तिन्ही टाके तोडले. मला वाटत होतं की तो नवराच असणार. इतक्या लांबची, छापलेली गोष्ट, ती कशाला उगाच वाईट होईल? मला फक्त खात्री करून घ्यायची होती आणि धावत जाऊन शालीला सांगायची होती. पान उघडलं. दारात बंदरावरचा एक माणूस होता. त्याच्या हातात मार्थाच्या नवऱ्याची टोपी होती, ओली. एवढं कळलं आणि मी पुस्तक मिटलं. खाली अजून चार-पाच ओळी होत्या, त्या वाचायचा धीर झाला नाही. गवतावर बसून खूप रडले. मग घरून सुई आणि दोरा आणला, पान पुन्हा शिवलं आणि मला येणारी एकुलती एक गाठ मारली. गोठ्यात गुराचं दावं खुंट्याला बांधतात ती.

सोमवारी शाळेआधी तिच्याकडे गेले. पुस्तक छातीशी धरलेलं. म्हटलं, "शाली, माका वाटता तिचो घोवच इलो. मी तसोच शेवट सांगतलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. मग म्हणाली, "व्हय. तोच असतलो." आणि आत गेली. मला बाहेर तिचा आवाज ऐकू येत होता. ती आईला मार्थाची गोष्ट सांगत होती, पहिल्यापासून, अशी की जणू शेजारच्याच गावात घडलेली. "आणि मगे आये, दारार थाप पडली, आणि बघता तर घोव तिचो!" थोड्या वेळाने भांड्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं तर तिच्या आईने उठून दोन ताटं मांडली होती. एक स्वतःचं आणि एक शालीच्या वडिलांचं. मी काय करून बसले होते ते तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी वर्गात बाई प्रत्येकाच्या बाकाशी आल्या. माझं पुस्तक हातात घेतलं. अंगठा शिवणीवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. तरवाल्याची मुलगी ती, गुराची गाठ तिला कळणार नाही? बाईंनी पुस्तक बाकावर ठेवलं, पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्यांची पुस्तकं गोळा केली आणि सांगितलं, "ही गोष्ट आपण इथेच थांबवतोय. हिचा शेवट उघडायचा नाही."

नवव्या दिवशी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर होडीच्या फळ्या लागल्या. माणूस मिळाला नाही. सोमवारपासून तोवर तिच्या आईने रोज दोन ताटं मांडली. माझ्या शब्दावर मांडली, असं मी धरून चालले. दर्भाचा पुतळा करून क्रिया केली त्या दिवशी मी वाडीत गेलेच नाही, ताप आल्याचं सोंग केलं. पंधरा दिवसांनी शाली वर्गात आली, शेजारी बसली, डबा उघडला, बांगड्याचा तुकडा माझ्याकडे सरकवला. काही विचारलं नाही. मीही मूग गिळून बसले.

पूर्वपरीक्षेचा पेपर बाहेरून यायचा. नेमका त्यातच प्रश्न आला: मार्थाच्या दारात कोण होतं? चार मार्कांचा. आमच्या वर्गातल्या चाळीस जणांनी चाळीस उत्तरं लिहिली. कुणी पोस्टमन आणला, कुणी सावकार, एकाने तर मार्थाचा भाऊ मुंबईहून आणला. मुख्याध्यापकांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. दार उघडंच होतं. "बाई, अभ्यासक्रमातला धडा आपण अर्धवट ठेवलात, याचं लेखी कारण द्या." बाईंचा आवाज आला, "कारण देता येणार नाही सर. चूक माझी आहे, तसं लिहून देते." त्यांनी ते लिहून दिलंही. खरं उत्तर वर्गात फक्त मला ठाऊक होतं आणि मी ते पेपरात लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, नवरा आला.

निरोप समारंभाच्या दिवशी बाईंनी मला सुरूच्या बनात गाठून पहिल्यांदा विचारलं, "शालीक सांगलंस?" मी शालीला जे सांगितलं ते बाईंना कसं कळलं, हे मी कधीच विचारलं नाही. बाईंना सगळंच कळतं, असा आमचा समज होता.

बाईंच्या बाराव्याला आरोंद्याला गेले. भाच्याने एक पुडकं हातात दिलं. "आत्यान तुमच्या नावान ठेवलेला." वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सतरा नंबरचं पुस्तक. शाळेने जुनी पुस्तकं रद्दीत काढली तेव्हा बाईंनी ही एक प्रत उचलून घरी आणली होती. पान तसंच शिवलेलं, माझ्या त्या गावठी गाठीसकट. वेताच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहून मी ते पुस्तक धरलं आणि ठरवलं की आता पुरे.

शाली कुणकेश्वरला दिलेली. समुद्राच्या वाटेवर तिचं नारळ-फुलांचं आणि कोकम सरबताचं दुकान आहे, नवऱ्याची होडी आहे. वर्षातून एखादी भेट व्हायची, लग्नकार्यात, जत्रेत. मी दारात उभी राहिले तेव्हा ती फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन विणत होती. माझा चेहरा बघितला, हातातलं पुडकं बघितलं. "भायर कित्याक उभी? ये. आधी जेव."

"शाली, माका काय तरी सांगूचा आसा."

"जेवान सांग."

तिने ताट वाढलं. भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. मी घास गिळत होते आणि शब्द जुळवत होते. पण शब्द कुठले जुळायला! हात धुतल्यावर सरळ पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगून टाकलं. मांगर, कोयता, ओली टोपी, सगळं. "मी तुका खोटा सांगलंय. तुझी आवस ताटां मांडी, ती माझ्या खोट्यापायी."

शालीने पुस्तक उचललं नाही. नुसतं बोट त्या गाठीवर ठेवलं आणि हसली. "ही गाठ! गो, त्या सकाळी तू पुस्तक धरून दारात उभी होतंस, तेव्हाच बघलंय मी. ढोराची गाठ ती. म्हटला, हिणा पान उघडल्यान."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती गाठ फक्त बाईंनी ओळखली. जाळ्यात जन्मलेली पोरगी माझ्यासमोर उभी होती आणि तिचा मला विचारही शिवला नव्हता.

"आणि पान उघडून तू म्हणतंस काय, तर 'माका वाटता'. घोव इलेलो आसतो तर 'वाटता' कित्याक म्हटलं असतंस? नाचत येवन सांगलं असतंस. माका तेव्हाच समाजला. मार्थाचो घोव नाय इलो. आणि माझो बापूसय येवचो नाय."

"मगे आवशीक तसा कित्याक सांगलंस?"

ती जाळ्याकडे बघत म्हणाली, "चार दिस जेवक नव्हती गो ती. ती पण जाता की काय, असा वाटा. तुझो शेवट सांगलंय आणि ती उठली. दोन ताटां मांडल्यान, आपला जेवली. त्या खोट्यान माझी आवस ऱ्हवली." मग म्हणाली, "बाईंका मी त्याच दिवशी सांज्याक जावन सांगलंय. म्हटला, बाई, ता पान उघडू नकात. आवशीच्या कानार जायत. आणि तिचा खोटा वर्गात उघडा पडला तर ती, माझी मैतरीण, स्वताकच खात ऱ्हवतली."

म्हणून बाईंनी पुस्तकं गोळा केली. म्हणून लेखी कारण दिलं नाही. आणि तो प्रश्न, इतकी वर्षं...

"बाई माकाय विचारीत," शाली म्हणाली. "भेटली की विचारीत, 'ती इली काय गो तुझ्याकडे?' मी म्हणा, 'नाय बाई.' मी म्हणा, 'मीच सांगान मोकळा करतंय तिका.' तर म्हणत, 'नको. तिका येवदे.'"

तिथे मला आवरलं नाही. शालीला माझ्याकडून काहीच कळायचं उरलं नव्हतं. सोडवायचं होतं ते मला. आणि जी माणसं वाट बघत होती त्यांतलं एक माणूस सहा आठवड्यांपूर्वी खुर्चीत बसल्या बसल्या निघून गेलं. दोन महिने आधी आले असते तर? कुडाळहून कुणकेश्वरला एसटीने जायला अर्धा दिवसही लागत नाही. याचं मला वाईट वाटतं आणि ते वाटत राहणार.

शालीने नखाने माझी गाठ सोडवली. "वाच," म्हणाली. मी चष्मा लावला. थाप, दार, बंदरावरचा माणूस, ओली टोपी. आणि त्याखाली त्या ओळी, मांगरात न वाचलेल्या. मार्था त्याच्या हातातून टोपी घेते. त्याला म्हणते, लांबून आलास, भुकेला असशील. त्याला आत घेते आणि त्या मांडलेल्या दुसऱ्या ताटावर बसवते. मी वाचून मराठीत सांगितलं. शालीने माझ्या उष्ट्या ताटाकडे पाहिलं, जे अजून तिथेच होतं. बाहेर भरतीचा आवाज वाढत होता, ऊन वाळूवरून सरकत होतं.

मग तिने जाळ्याची सुई घेतली, पानं पुन्हा एकमेकींना शिवली, तीन टाके, तीन गाठी, आणि दोरा दातांनी तोडला. "आता ऱ्हवांदे असाच," म्हणाली.

पुस्तक माझ्या टेबलावर आहे, पोस्टातून आल्यावर मी चहा घेते त्या टेबलावर. संध्याकाळी बसले की बोट आपोआप शिवणीवर जातं. या गाठी घट्ट आहेत, बाई मारायच्या तशाच. आणि मग वेताच्या खुर्चीतून तो प्रश्न ऐकू येतो, दरवेळी तोच. मी उत्तर देते. मोठ्याने देते, घरात कोणी असलं तरी.

"सांगलंय, बाई."